बरणीतला पिवळा बेडूक



पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्याकडे दोन तऱ्हेचे फोन ठरलेले. एक, कपाशी आता टोचावी की अजून थांबावं. दुसरा, मोरीत बेडूक शिरलाय, त्याला कसं घालवायचं. यंदा मात्र यावल तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला तो वेगळाच होता. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलानं शेताच्या बांधाजवळच्या डबक्यातून एक बेडूक धरून आणला होता. हळदीनं माखल्यासारखा पिवळाधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. पोरानं तो लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि शाळेतून आला की त्याच्यासमोर बसून राहायचा. पोळीचा तुकडा टाकून झाला, शिजलेला भात टाकून झाला, दुधात बोट बुडवून तोंडाशी नेऊन झालं. बेडूक ढुंकून बघेना. तिसऱ्या दिवशी तर त्याचा पिवळा रंगच उतरला. मातकट हिरवा दिसायला लागला. ताई म्हणाल्या, "पोरगा रडून ऱ्हायला. सांगा ना, याले काय खावाले देऊ? मरून तर नाही ना जाणार?"

आम्हांला त्या फोनवर जे सुचलं ते आम्ही सांगितलं. नंतर वाटलं, हा विषय एका घरापुरता नाही. पावसाळ्यात जवळजवळ प्रत्येक गावात एखादी तरी बरणी, बादली नाहीतर पाण्याची बाटली अशी असते, तिच्यात बेडूक किंवा बेडकाची पिल्लं असतात. म्हणून आजचं बोलणं बेडकाच्या खाण्यापिण्यावर आणि राहण्यावर.

आधी त्या रंगाचं सांगतो, कारण सगळी गंमत आणि सगळी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे हा जो मोठा, तळहाताएवढा बेडूक दिसतो त्याला बैल बेडूक म्हणतात. बैलासारखा डरकतो म्हणून. एरवी हा मातकट हिरवा असतो, अंगावर गडद ठिपके, पाठीवर बहुतेक वेळा एक फिकट रेघ. चिखलात बसला तर दिसतही नाही. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर नर बेडकाचा रंग बदलतो. तो पिवळा होतो, गळ्याचे फुगे निळे होतात. डबक्यात असे दहा-वीस नर जमतात, ओरडतात, एकमेकांना ढकलतात. दरवर्षी जून महिन्यात मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात आणि खाली कुणीतरी लिहितं, हे विषारी आहेत, हे परदेशातून आलेत, हा अपशकुन आहे. तसलं काही नाही. आपलेच बेडूक, लग्नाला हळद लावून बसलेले. मादीला आपण दिसावं म्हणून ती सगळी सजावट. दोन-चार दिवसांत काम आटोपलं की हळद उतरते.

म्हणजे ताईंच्या घरच्या बेडकाचा रंग उतरला तो आजारानं नव्हे. त्याची वेळ संपली होती. आणि तो जेवत नव्हता यातही नवल नाही. नवरदेवाला वरातीतून उचलून काचेच्या बरणीत बसवला आणि समोर भाताचा घास ठेवला, तर तो तरी काय जेवणार?

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्यात एक गोष्ट पोरांना समजावून सांगण्यासारखी आहे. आपल्या खानदेशात बेडकाला वर्ष किती मिळतं? जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नाले कोरडे, जमीन भेगाळलेली. बेडूक तेव्हा मेलेला नसतो. तो जमिनीत, बांधाच्या मातीत, विहिरीच्या कपारीत दडून गप्प पडलेला असतो. खाणं नाही, हालचाल नाही, श्वास मंद. त्याला उन्हाळी झोप म्हणा. पाऊस पडला की तो उठतो. पिल्लं व्हायची तर ती त्याच दिवसांत, जेव्हा डबकी भरलेली असतात आणि अजून मासे आणि बगळे तिथे जमलेले नसतात. बैल बेडकाचं बरंचसं काम पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या मोजक्या रात्रींत उरकतं. त्याच रात्री तो बरणीत असला, तर त्याचं सबंध वर्ष वाया गेलं असं समजा. एक मादी हजारोंनी अंडी घालते, पण त्यातली थोडीच मोठी होतात. बाकीची पाणकिडे, मासे, पक्षी आणि उन्हानं आटलेली डबकी खाऊन टाकतात.

आता खाण्याचं. बेडूक पोळी खात नाही, भात खात नाही, दूध तर अजिबात पीत नाही. तो जिवंत आणि हलणारं खातो. त्याच्या डोळ्यांना स्थिर वस्तू अन्न म्हणून कळतच नाही. मेलेला नाकतोडा समोर पडला असला तरी तो उपाशी बसून राहील, आणि तोच नाकतोडा हलला की क्षणात जीभ बाहेर. जीभ आपल्यासारखी मागून नाही, पुढच्या बाजूनं जबड्याला जोडलेली असते आणि टोकाला चिकट असते. घास गिळताना बेडूक डोळे मिटतो, तेव्हा ते डोळे आत दबून घास घशाकडे ढकलायला मदत करतात. पोरांना हे एकदा दाखवा, टीव्ही बंद करतील.

नाकतोडे, रातकिडे, वाळवी, अळ्या, गांडुळं, झुरळं, भुंगेरे हा त्याचा रोजचा शिधा. बैल बेडूक त्याहून अधाशी आहे. तो उंदराचं पिल्लू गिळतो, लहान बेडूक गिळतो, प्रसंगी लहान सापसुद्धा. म्हणून एका टबात एक मोठा आणि एक लहान बेडूक "सोबतीला" ठेवू नका. सकाळी एकच उरेल, आणि तो जास्त लठ्ठ दिसेल.

पाणी तो तोंडानं पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. श्वासही थोडाफार कातडीतूनच घेतो, म्हणून ती ओली राहायला हवी. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप समजतं. कातडीला जे लागेल ते बेडकाच्या पोटात गेलं. आपल्या हाताला बाम असतो, मिश्री असते, कपड्याच्या पावडरीचा फेस असतो, कपाशीच्या फवाऱ्याचा वास असतो. त्या हातानं त्याला धरलं की ते सगळं त्याच्या अंगात शिरतं. धरायचाच असेल तर आधी हात साध्या पाण्यानं धुवा, ओलेच ठेवा, अलगद धरा आणि लगेच सोडा. नंतर साबणानं हात धुवा, कारण त्याच्या अंगावरचे जंतू आपल्या पोटात गेले तर जुलाब लागू शकतात. लहान पोरांना हे बजावूनच सांगा, बेडूक हातात घेऊन तसंच कुरमुरे खायला बसतात.

हातात धरला की बेडूक पाणी सोडतो. त्यामुळे चामखीळ येते असं आपल्या आज्या सांगायच्या. चामखीळ विषाणूमुळे होते, माणसाकडून माणसाला लागते. बेडकाचा त्यात काही हात नाही. पण खरखरीत पाठीचा, फोडफोड असलेला जो भेक अंगणातल्या दिव्याखाली येऊन बसतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात. दाबल्या किंवा चावल्या तर त्यातून पांढरा विषारी चीक निघतो. हातावर लागला तर मोठं काही होत नाही, डोळ्यात गेला तर चुरचुरतो, तेव्हा भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायचा. कुत्र्यानं भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. ओल्या फडक्यानं त्याचं तोंड आतून पुसा, त्याला थरथर किंवा झटके आले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. भेक शिजवून खाणं तर जिवावर बेतू शकतं, ते कुणी करू नये.

आता आमचीच एक फजिती सांगतो, म्हणजे आम्ही शहाणपण मिरवतोय असं वाटणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या मुलींनी हट्ट धरला, बेडकाची पिल्लं वाढताना बघायची. आम्हीही उत्साहात प्लॅस्टिकचा टब मांडला, डबक्यातलं पाणी आणि त्यातली तीस-चाळीस काळी पिल्लं आणून सोडली. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी पाणी गढूळ दिसलं म्हणून आम्ही ते ओतून टाकलं आणि नळाचं स्वच्छ पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत एकही पिल्लू जिवंत राहिलं नाही. पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते हे आम्हांला चांगलं ठाऊक होतं, ती टाकावी म्हणून आम्हीच ग्रामसभेत बोलतो. माणसासाठी ती हवीच. पण कातडीनं आणि कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या जिवाला ती सोसत नाही. असं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की त्यातला वायू बराचसा उडून जातो. तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मुली दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

त्या पिल्लांना जगवायचं असतं तर काय करायला हवं होतं, हे आम्ही नंतर शिकलो. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही. रोज थोडं काढायचं, तितकंच डबक्याचं, पावसाचं किंवा उघड्यावर ठेवलेलं पाणी घालायचं. टब सावलीत ठेवायचा, आपल्याकडचं ऊन तासाभरात पाणी गरम करतं. खायला दगडावरचं शेवाळ, पालकाचं उकडून मऊ केलेलं पान, तेही नखाएवढं. जास्त टाकलं की सडतं आणि पाणी नासतं. पोळी, बिस्कीट, फरसाण काही नाही. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. पुढचे पाय आले की शेपूट आटायला लागते. त्या दिवसांत पिल्लू काही खात नाही, शेपटीतूनच त्याचं पोषण होतं. आणि तेव्हाच त्याला पाण्याबाहेर चढायला दगड किंवा लाकडाचा उतार लागतो, कारण आता ते फुप्फुसानं श्वास घेतं. उतार नसेल तर जन्मभर पाण्यात राहिलेलं पिल्लू पाण्यातच बुडून मरतं. भेकाच्या काळ्या पिल्लांना हे सगळं पार पाडायला साधारण महिना-दीड महिना लागतो.

पण आता आमचं मत असं झालंय, की पिल्लं घरी आणूच नयेत. मुलींना डबक्याशी घेऊन जावं. एकाच डबक्याशी, दर रविवारी. भेकाची अंडी माळेसारखी लांब धाग्यात गुंफलेली असतात, बेडकाची पाण्यावर साय पसरल्यासारखी किंवा गोळ्यागोळ्यांनी. झाडावर चढणाऱ्या बेडकाची तर फेसाच्या गोळ्यात, हौदाच्या भिंतीला पाण्याच्या जरा वर चिकटवलेली. हा फेस साबणाचा समजून आपण खरडून टाकतो. खालचं पाणी राहू द्या, पिल्लं फेसातून आपोआप त्यात पडतात. एक प्रसंग मात्र असा, की हात लावावा लागतो. पावसानं ओढ दिली आणि डबकं आटायला लागलं, तर पिल्लं मगानं उचलून त्याच शिवारातल्या जवळच्या पाण्यात सोडा. दूरच्या तळ्यात, दुसऱ्या गावात नेऊ नका. हाच आपला बैल बेडूक माणसाबरोबर अंदमानात पोचला, तिथे तो पूर्वी नव्हता. आता तिथल्या बेडकांच्या पिल्लांना त्याची पिल्लं खाऊन टाकतात आणि तिथले अभ्यासक त्याला आवर कसा घालायचा या चिंतेत आहेत.

बेडूक घरात पाळता येतो का, हा प्रश्न पोरं विचारणारच. मुंबई-पुण्याकडे काही हौशी लोक दक्षिण अमेरिकेतला शिंगाळा बेडूक पाळतात, गोल तोंडाचा, एका जागी बसून राहणारा. त्यांचा खर्च आणि उस्तवार ऐकली तर आपण म्हैस पाळणं सोपं समजू. काचेची पेटी, ओली माती, ठरावीक उष्णता, ठरावीक उजेड. रोज पाणी बदलायचं. रातकिडे वेगळ्या डब्यात वाढवायचे, त्यांना आधी भाजीपाला खाऊ घालायचा, मग चुन्याच्या अंशाची पावडर त्यांच्या अंगाला लावून ते बेडकाला द्यायचे, कारण एकाच तऱ्हेचे किडे खाऊन त्याची हाडं ठिसूळ होतात, पाय वाकडे होतात. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदाच खायला, नाहीतर चरबी साठते. घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि हे सगळं दहा वर्षं, कारण नीट सांभाळलेला भेक किंवा बेडूक सहज तेवढा जगतो. शिवाय परदेशी प्राण्यांपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधन आहे, ते बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंद करावी लागते.

आपल्या बैल बेडकाचं तर विचारूच नका. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, १९७२ चा कायदा. त्याला पकडून ठेवणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांच्या पोराला कुणी बेड्या घालणार नाही, पण "आमच्याकडे पाळलेला बेडूक आहे" असं मिरवण्यात अर्थ नाही हे त्याला कळलं पाहिजे. गोव्यात पावसाळ्यात हे बेडूक "जंपिंग चिकन" म्हणून चोरून पकडतात आणि वन विभागाची माणसं रात्री त्यांच्या मागावर फिरतात.

कायद्याच्या मागे एक जुनी गोष्ट आहे, ती आपल्या शेतीशी जोडलेली आहे. पूर्वी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या जहाजानं युरोप-अमेरिकेला जायच्या. वर्षाला हजारो टन. पावसाळी रात्री दिवा घेऊन माणसं शेतात उतरायची, दिव्यानं डोळे दिपले की बेडूक हलत नाही, पोत्यात भरायचा. डॉलर मिळत होते. पण शेतातला किडे खाणारा मजूर आपण पोत्यानं विकत होतो आणि त्याच्या जागी औषधाचे डबे विकत आणत होतो. १९८५ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात या बेडकाचं नाव नोंदलं गेलं आणि १९८७ साली भारतानं तंगड्यांची निर्यात बंद केली.

म्हणून कुणी असं समजू नये की दोन बेडूक सोडले की कपाशीची बोंडअळी गेली किंवा घरातले डास संपले. तसं होत नाही. बोंडअळी बोंडाच्या आत, बेडूक जमिनीवर. डासांसाठी साचलेलं पाणी उपसणं आणि हौदात गप्पी मासे सोडणं हाच उपाय. बेडूक रात्रभर जे हलेल ते खातो, इतकंच. पण शिवारात रोज रात्री असे शेकडो जीव जेवत असतील तर त्याचा हिशोब होतोच.

आता घरात शिरलेल्या बेडकाचं. मोरीत, संडासात, रांजणाच्या मागे जो चपळ, फिकट तपकिरी बेडूक भिंतीला चिकटतो, बोटांच्या टोकाला गोल चकत्या असलेला, तो झाडावर राहणाऱ्या जातीचा. ओल शोधत येतो. त्याच्यावर मीठ टाकतात, फिनेल ओततात, उकळतं पाणी टाकतात. मैत्रिणींनो, हे करू नका. मीठ त्याच्या कातडीतून पाणी ओढून घेतं आणि तो तडफडून मरतो. वर प्लॅस्टिकचा मग पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, बाहेर झाडाशी नेऊन सोडा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची वळी करून लावा, परत येणार नाही.

यात एक काळजीची गोष्ट आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. बायका म्हणतात, बेडूक आला की मागे साप येतो. ते खरं आहे. पाणदिवड, धामण आणि नागसुद्धा बेडूक-भेक खातात. अंगणातला दिवा रात्रभर चालू असला की किडे येतात, किड्यांमागे भेक, भेकामागे साप. म्हणून दिवा दारावरच नको, जरा लांब, अंगणाच्या कडेला लावा. सरपणाचा ढीग, तुऱ्हाट्यांचे भारे, विटांची रास घराच्या भिंतीला टेकून नको. पावसाळ्यात जमिनीवर झोपणं टाळा, खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपा, रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. याच कारणानं बेडकाला घरात टब करून ठेवू नये असंही आमचं म्हणणं आहे. सापानं चावा घेतलाच तर मांत्रिक नाही, आवळून बांधणं नाही, चिरणं नाही. १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

शेततळ्याचं सांगायचं राहिलं, आणि ते मोठं आहे. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, तसंच धुळे, शिंदखेड्याकडेही प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी दिसतात. गुळगुळीत उतार. पाणी दिसतं म्हणून बेडूक उडी मारतो आणि परत वर येता येत नाही. दमून बुडतो. खार, मुंगूस, कुत्र्याचं पिल्लू यांचंही तेच. उपाय पाच मिनिटांचा. जुनी गोणपाटं एकाला एक शिवून पट्टा करा, वरचं टोक काठावरच्या खुंटीला बांधा, खालचं पाण्यात दगड बांधून सोडा. चार कोपऱ्यांत चार पट्टे. सोबत गाठी मारलेला जाड दोरही सोडा, तो बेडकासाठी नाही, चुकून घसरलेल्या माणसासाठी. अशा तळ्यांत पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात.

आणि फवारणीचा पंप डबक्यात, नाल्यात धुऊ नका. औषध कातडीतून जातं हे मघाशी सांगितलं. त्याच नाल्यावर गुरं पाणी पितात आणि कपडे आपणच धुतो.

खोदताना, नांगरताना उन्हाळ्यात जमिनीतून बेडूक निघाला तर तो मेलाय समजून फेकू नका, आणि उठवायला त्याच्यावर बादली ओतू नका. झाडाच्या सावलीत, ओलसर मातीत पुन्हा झाकून ठेवा. कुदळ लागून जखमी झाला असेल, किंवा तळ्यातून अर्धमेला काढला असेल, तर एक-दोन रात्री सांभाळायला हरकत नाही. पसरट टबात चार बोटं ओली माती आणि पालापाचोळा, एक फुटक्या माठाची खापरी आडोशाला, एका ताटलीत उथळ पाणी, त्याची हनुवटी वर राहील इतकंच. वरून मच्छरदाणीचं कापड बांधा. न फवारलेल्या जागचे दोन-तीन नाकतोडे किंवा एखादं गांडूळ सोडा. नाही खाल्लं तरी घाबरू नका, दोन दिवसांनी तो उपाशी मरत नाही. तोंड उघडून कोंबू नका, माणसाचं मलम लावू नका, हळद तर नकोच. मांड्या लाल दिसल्या, अंग फुगलं, कातडीवर चट्टे आले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा. बरा झाला की जिथून आणला तिथेच, संध्याकाळी सोडा.

एक नाजूक विषय. पाऊस लांबला की काही गावांत धोंडी काढतात. मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून पोरं घरोघर फिरतात आणि आपण बायका वरून पाणी घालतो. आमच्यातल्या कित्येकींनी लहानपणी हे हौसेनं केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची आमची इच्छा नाही. पण उन्हात दोन-तीन तास बांधलेला बेडूक बहुतेक वेळा वाळून मरतो, मध्ये मध्ये पाणी घातलं तरी. चिखलाचा बेडूक करा. पोरांना तो करायलाच जास्त मजा येते, आणि मुसळावर तो नीट बसतोसुद्धा.

आता त्या ताईंच्या बेडकाचं. आम्ही त्यांना सांगितलं, आजच संध्याकाळी, दिवेलागणीला, ज्या डबक्यातून आणला तिथेच सोडा, आणि पोराच्याच हातानं सोडवा. पोरगा आधी तयार नव्हता. मग आईनं त्याला सांगितलं, तुला दोन दिवस उपाशी बरणीत ठेवलं असतं तर? ते काही पटलं नाही त्याला. पटलं ते वेगळंच. ती म्हणाली, इथे हा गप्प बसलाय, तिथे गेला तर ओरडेल, आपण ऐकायला जाऊ. बरणी आडवी धरली तरी बेडूक बराच वेळ आतच बसून होता. मग एका उडीत पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. त्या रात्री डबक्यातून आवाज आला, पण तो त्याचाच होता की दुसऱ्या कुणाचा, हे काही ताईंना सांगता येईना. पोरगा मात्र छातीठोकपणे सांगतो, आपलाच होता.